वेळ विकणारं घर

जाहिरातीसाठी वेळ विकत घेणं हे माझं काम होतं. बेळगावहून बंगळूरला आले, एका मध्यम आकाराच्या जाहिरात संस्थेच्या माध्यम विभागात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. उदबत्तीचे कारखानदार, कॉफी पावडरवाले, चिक्कपेटेतले रेशमी साड्यांचे व्यापारी, खाद्यतेलाचे उत्पादक हे आमचे ग्राहक. त्यांचे दहा-दहा सेकंद कुठल्या वाहिनीवर, कुठल्या कार्यक्रमात, काय दरानं लावायचे ते मी ठरवत असे. या खुर्चीतून वाहिनीचं स्टुडिओतलं जग दिसत नाही, तिचा व्यवहार मात्र लख्ख दिसतो. कुठली वेळ भरलेली आहे, कुठली रिकामी पडली आहे, दर कोण वाढवतंय आणि दिवाळी सरली तरी कोण उतरवत नाही, हे सगळं रोज टेबलावर येतं.

त्या टेबलावरून मी एका कुटुंबाची प्रसारण कंपनी वाढताना पाहिली. कुटुंब चेन्नईचं, मारन यांचं. मुरासोली मारन द्रमुकचे मोठे नेते आणि पुढे केंद्रात मंत्री. त्यांचे थोरले चिरंजीव कलानिधी अमेरिकेत व्यवस्थापन शिकून आले आणि 1990 मध्ये त्यांनी ‘पूमालै’ नावाचं तमिळ व्हिडिओ मासिक काढलं. बातम्या आणि कार्यक्रम कॅसेटवर भरून घरोघरी पोचवायचे, अशी ती कल्पना. 14 एप्रिल 1993 रोजी, तमिळ नववर्षाच्या दिवशी, सन टीव्ही सुरू झाला. पुढच्याच वर्षी 1 जून 1994 रोजी बंगळूरसाठी उदया टीव्ही आला. कन्नडमधली ती पहिली उपग्रह वाहिनी. मी नोकरीला लागले तो काळ हाच, त्यामुळे उदयाचं आणि माझं उमेदवारीचं वय एकच.

तोवर कर्नाटकात दूरचित्रवाणी म्हणजे दूरदर्शन. बंगळूर केंद्र 1 नोव्हेंबर 1981 रोजी सुरू झालेलं. संध्याकाळचे काही तास कन्नड, मग राष्ट्रीय कार्यक्रम. आमच्या ग्राहकांना जाहिरात करायची तर वर्तमानपत्र, विविध भारती आणि चित्रपटगृहातली स्लाइड एवढेच मार्ग. दिवसभर कन्नड बोलणारी वाहिनी निघते आहे, असं ऐकल्यावर आमच्या कचेरीतल्या अनुभवी माणसांनाही प्रश्न पडला होता की एवढा वेळ हे लोक भरणार कशानं.

सुरुवातीची वर्षं टेपांची. खासगी वाहिनीला तेव्हा भारतातून उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवण्याची, म्हणजे अपलिंकिंगची, परवानगी नव्हती. 1998 मध्ये विदेश संचार निगमामार्फत ती वाट मोकळी झाली आणि 2000 नंतर खरी रुंदावली. तोपर्यंत या देशातल्या खासगी वाहिन्यांच्या टेपा विमानानं परदेशी जात आणि तिथून आकाशात चढत. त्यामुळे आमची जाहिरातीची बीटाकॅम टेप कित्येक दिवस आधी द्यावी लागे. साडीच्या दुकानदाराला सणाच्या आदल्या दिवशी भाव बदलायची हौस असली तरी ते जमत नसे. मी त्यांना बजावत असे, ‘‘गौरी-गणपतीची जाहिरात श्रावण लागताच माझ्या हातात द्या.’’

दुसरी अडचण गल्लीतली. तेव्हाच्या पुष्कळ टीव्ही संचांवर मोजकीच बटणं असत. केबलचालकानं वाहिनी खालच्या क्रमांकावर लावली तर ती घरोघरी दिसे, वर कुठेतरी ढकलली तर दिसत नसे. या खालच्या जागांना ‘प्राइम बँड’ म्हणत. मल्लेश्वरम, बसवनगुडी, राजाजीनगर भागांत ओळखीच्या घरांत जाऊन उदया कितव्या बटणावर येतो ते आम्ही लिहून आणत असू. तीच आमची दर्शकसंख्या. घरोघरच्या संचांना जोडलेल्या मोजणीयंत्रांचे, म्हणजे पीपलमीटरचे, आकडे नंतर आले. पण बटणाचा क्रमांक पाहून मी जे अंदाज बांधले, ते पुढच्या आकड्यांशी बरेच जुळले, याचं मला आजही समाधान वाटतं.

आता या घराच्या व्यवहाराची खरी कळ सांगते, कारण तिच्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं. मालिका बनवायची तर कलाकार, लेखक, चित्रीकरण, संकलन असा खर्च रोजचा. नव्या वाहिनीकडे एवढं भांडवल नसतं. मारन यांच्या कंपनीनं दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडले आणि बाजारातल्या गाळ्यांसारखे ते निर्मात्यांना भाड्यानं दिले. निर्मात्यानं वाहिनीला प्रसारणशुल्क भरायचं, मालिका स्वतःच्या पैशानं बनवायची, आणि बदल्यात त्या अर्ध्या तासातली काही मिनिटं जाहिरातीसाठी त्याला मिळायची. त्या मिनिटांना आमच्या धंद्यात एफसीटी म्हणतात. ती विकून त्यानं खर्च काढायचा आणि नफा झाला तर ठेवायचा. मालिका पडली तर नुकसान निर्मात्याचं. वाहिनीचं भाडं ठरलेलं.

त्यामुळे माझा रोजचा संबंध वाहिनीपेक्षा निर्मात्यांशी जास्त आला. गांधीनगर, शेषाद्रीपुरम इथल्या एका खोलीच्या कचेऱ्यांतून हे लोक काम करत. सकाळी कॅमेऱ्यामागे उभे राहायचे, दुपारी फाइल घेऊन आमच्याकडे यायचे. ‘‘मॅडम, मंगळवारचे दोन स्पॉट अजून मोकळे आहेत, तुमच्या तेलवाल्याला सांगा ना,’’ असं म्हणत बसायचे. संस्थेचं पंधरा टक्के कमिशन, ग्राहकाची दोन महिन्यांची उधारी, आणि निर्मात्याला मात्र भाडं आणि कलाकारांची मजुरी वेळेवर द्यावी लागायची. या कात्रीत सापडलेल्या एका निर्मात्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवल्याचं मला स्वतः सांगितलं होतं. त्याची मालिका चालली आणि दागिने सुटले. सगळ्यांचे सुटले नाहीत.

तरीही या पद्धतीनं बंगळूरला जे दिलं, ते मोठं होतं असं मी मानते. कन्नड रंगभूमीवरचे नट, बेकार बसलेले संकलक, प्रकाशयोजनाकार, रंगभूषाकार यांना दर महिन्याला मिळणारं काम त्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून उभं राहिलं. चित्रपटात संधी मिळेल या आशेवर वर्षं काढणाऱ्यांना मालिकेनं भाडं भरण्यापुरते पैसे दिले. कुटुंबानं स्वतःचा धोका कमी केला, आणि ज्यांच्याकडे हिंमत होती पण वाहिनी नव्हती, त्यांना दार उघडून दिलं. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवहारात घडल्या.

दुसरी कळ चित्रपटांची. गांधीनगर म्हणजे कन्नड चित्रपटव्यवसायाचं ठिकाण. वितरकांच्या कचेऱ्या तिथे, आणि केंपेगौडा रस्त्यावरची व आसपासची संतोष, नर्तकी, सागर, कपाली ही चित्रपटगृहं तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर होती. आमचं महाराष्ट्र मंडळही गांधीनगरातच, म्हणून मंडळाच्या कार्यक्रमांना जाता-येता हा सगळा व्यवहार माझ्या डोळ्यांसमोर होता. नव्वदच्या दशकात पुष्कळ निर्मात्यांना वाटत होतं की चित्रपटगृहातून उतरलेल्या जुन्या चित्रपटाला किंमत नाही. उपग्रह प्रसारणाचे हक्क म्हणजे नेमकं काय, हेच अनेकांना कळलेलं नव्हतं. सन समूहानं त्या काळात चारही दक्षिणी भाषांतले चित्रपट मोठ्या संख्येनं घेतले, आणि त्यातल्या पुष्कळांचे हक्क कायमचे घेतले.

पगारी व्यवस्थापक असा निर्णय सहज घेणार नाही, असं मला तेव्हाही वाटलं होतं. त्याला मार्चअखेरचा ताळेबंद दाखवायचा असतो. वीस वर्षांनी उपयोगी पडेल अशा जुन्या चित्रपटावर आज पैसे घालायचे, हे धाडस ज्याला कंपनी पुढच्या पिढीकडे द्यायची आहे तोच करतो. पुढे चित्रपटांची वेगळी वाहिनी, गाण्यांची वेगळी, विनोदाची वेगळी अशा वाहिन्या उदयाच्या नावानं निघाल्या, तेव्हा त्यांच्यासाठीचा माल आधीपासून गोदामात होता. दुपारच्या वेळेला कन्नड चित्रपटाचे महानायक राजकुमार यांचा जुना चित्रपट लागला की उदबत्तीच्या जाहिरातीला उठाव येई. चित्रपटाचे पैसे केव्हाच वसूल झालेले असत, आणि मी दिलेला जवळपास सगळा पैसा त्या घराच्या नफ्यात जात असे. दरात घासाघीस करताना मला हे ठाऊक असायचं, आणि त्यांनाही.

भाषेच्या बाबतीत मात्र चेन्नईची रीत बंगळूरला चालली नाही, आणि त्यातून या वाहिनीचं भलंच झालं. कर्नाटकात परभाषेतला चित्रपट किंवा मालिका कन्नडमध्ये डब करून दाखवायला 1960 च्या दशकापासून चित्रपटसृष्टीचा कडवा विरोध. कायदा नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. स्पर्धा आयोगानं 2015 मध्ये या बंदीविरुद्ध निर्णय दिला, तरी वातावरण सैल व्हायला आणखी काही वर्षं गेली. तमिळमध्ये गाजलेली मालिका डब करून कन्नडमध्ये लावली असती तर कंपनीचा खर्च नाममात्र झाला असता. ते शक्य नव्हतं. कथा तीच ठेवायची म्हटलं तरी कन्नड कलाकार घेऊन, कन्नड घरात, पुन्हा चित्रीकरण करावं लागे. 2017 मधली ‘नंदिनी’ ही मालिका तमिळ आणि कन्नडमध्ये वेगवेगळी चित्रित झाली, ती याच कारणानं. हा नियम जाचक आहे असं माझे चेन्नईचे सहकारी म्हणत. मी बेळगावची. भाषेवरून माणसं किती दुखावतात ते लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटे, या जाचामुळेच उदया इथल्या लोकांना आपली वाटते.

आणि ती आपली वाटणं सोपं नव्हतं. मालक तमिळ, प्रेक्षक कन्नड, मध्ये कावेरीच्या पाण्याचं भांडण. 1991 च्या डिसेंबरात त्यावरूनच शहरात झालेल्या दंगलीची आठवण ताजी होती. पुढेही पाण्याचा वाद पेटला की केबलचालक तमिळ वाहिन्या बंद ठेवत. 2016 च्या सप्टेंबरात बसगाड्या जळाल्या तेव्हाही तेच झालं. अशा दिवसांत ग्राहकांचे फोन येत, ‘‘उदयावरची जाहिरात काढू का?’’ मी त्यांना सांगत असे, पडद्यावरची माणसं कन्नड आहेत, बनवणारी कन्नड आहेत, पाहणाऱ्या घरांना ती रोज भेटतात, ठेवा.

30 जुलै 2000 रोजी चंदनतस्कर वीरप्पननं गाजनूरहून डॉ. राजकुमारांना पळवलं. ते 108 दिवस बंगळूरनं कसे काढले, हे ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. सुरुवातीला दुकानं, शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, चित्रीकरणं थांबलेली. सगळं शहर बातम्यांच्या वेळेला पडद्यासमोर बसे. कन्नडमध्ये आजच्यासारखी चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्यांची गर्दी तेव्हा नव्हती, म्हणून उदयाच्या बातमीपत्रांना आलेलं महत्त्व आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. चित्रपटगृहांच्या स्लाइडवर जाणारा आमचा पैसा मी त्या काळात बातम्यांकडे वळवला. 15 नोव्हेंबरला राजकुमार सुटले. माझ्या लेखी त्या साडेतीन महिन्यांत उदया घरातली वाहिनी झाली. हे मला जाहिरातदारांच्या वागण्यावरून कळलं. तोवर ते दर विचारत, नंतर जागा मिळेल का ते विचारू लागले.

आता रेडिओ. या प्रांताला घरातून रेडिओ चालवण्याची जुनी परंपरा आहे. 1935 मध्ये म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरात 30 वॅटचा प्रक्षेपक बसवला आणि ‘आकाशवाणी’ या नावानं केंद्र सुरू केलं. तेच केंद्र पुढे सरकारकडे गेलं आणि 1955 मध्ये बंगळूरला आलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आकाशात बोलायचा हक्क फक्त सरकारचा राहिला. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणावरून चाललेल्या खटल्यात सांगितलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खासगी एफएमचे पहिले लिलाव त्यानंतरचे. 108 फ्रिक्वेन्सी विकायला काढल्या, पण परवानाशुल्क दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणारं होतं. बोली लावणाऱ्यांचं कंबरडं मोडलं आणि अखेर जेमतेम 21 केंद्रं चालू राहिली. त्यातलं पहिलं बंगळूरचं. 3 जुलै 2001 रोजी इथे रेडिओ सिटी सुरू झालं, देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र.

मारन यांच्या घरानं या पहिल्या टप्प्यात तमिळनाडूत सूर्यन एफएम काढलं आणि बाकी देशात घाई केली नाही. 2005 नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारनं नियम बदलले. सुरुवातीला एकदाच प्रवेशशुल्क भरायचं आणि मग उत्पन्नाचे चार टक्के द्यायचे. हिशेब जमू लागला आणि घर मैदानात उतरलं. कल रेडिओ आणि साउथ एशिया एफएम या कंपन्यांमार्फत देशभरात चाळीसहून जास्त फ्रिक्वेन्सी घेतल्या. बंगळूरला 93.5 वर एस एफएम आलं, तेच पुढे रेड एफएम झालं. आज त्याच नावाची केंद्रं पुण्या-नागपुरातही ऐकू येतात.

टीव्ही असताना या घराला रेडिओ कशाला हवा होता, याचं उत्तर माझ्या वहीत होतं. जयनगरच्या एका सराफानं उदयावर जाहिरात दिली तर ती बीदरपासून चामराजनगरपर्यंत दिसे. बीदरचं गिऱ्हाईक अंगठी घ्यायला जयनगरला येत नाही. मग शहरापुरता धंदा करणारे सराफ, शिकवण्या, दवाखाने, घरं बांधणारे बिल्डर वाहिनीच्या दारातून परत जात. त्यांच्यासाठी एफएम नेमकं. प्रक्षेपण शहर आणि आजूबाजूचा परिसर एवढंच, दहा सेकंदांचा दर आवाक्यातला, सकाळी दिलेली जाहिरात संध्याकाळी लागू शकते. ज्या घराकडे राज्यभर पोचणारी वाहिनी होती, त्या घराला आता शहरातला किरकोळ जाहिरातदारही मिळाला.

मला स्वतःला रेडिओचं काम जास्त आवडलं. बेळगावच्या घरी सांगली आणि धारवाड अशी दोन्ही केंद्रं लागायची, आई दोन्ही ऐकायची. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणं आम्हाला रेडिओनं शिकवलं. बंगळूरच्या एफएमवर सुरुवातीला हिंदी गाण्यांचा भर होता. शहर संगणकवाल्यांचं, त्यांना हिंदी हवं, असा समज. पण सिल्क बोर्डच्या चौकात तासभर अडकलेल्या रिक्षावाल्याचा, बसचालकाचा, कापड कारखान्यातून घरी जाणाऱ्या बायकांचा विचार कुणी केला नव्हता. केंद्रं हळूहळू कन्नड गाण्यांकडे वळली आणि आमच्या स्थानिक ग्राहकांचा पैसा त्यांच्यामागून गेला. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. म्हणून रहदारी, पाऊस, वीज, भाजीचे भाव, हरवलेलं पाकीट यांवर निवेदक बोलत राहतात. शहराला त्याची रोजची खबर देणारा एवढा जवळचा आवाज दुसरा नाही, असं मी आजही म्हणेन.

2006 च्या एप्रिलात कंपनी शेअर बाजारात आली. 875 रुपयांना एक शेअर, सुमारे 600 कोटींची विक्री. त्यानंतर उदया आणि तेलुगूची जेमिनी या कंपन्या मूळ कंपनीत विलीन झाल्या. त्याआधी दिनकरन हे दैनिक घेतलं होतं, नंतर डीटीएच आलं, चित्रपटनिर्मिती आली. वर्तमानपत्र, वाहिनी, रेडिओ, घरावरची तबकडी, सगळं एका छताखाली. शेअर बाजारात आल्यानंतरही जवळपास तीन चतुर्थांश मालकी एकाच माणसाकडे, कलानिधींकडे, राहिली. नेमक्या याच गोष्टीनं या घराला वर नेलं आणि बंगळूरमध्ये याच गोष्टीनं त्याला अडवलं, असं माझं ठाम मत आहे.

वर कसं नेलं, ते सांगून झालं. एक माणूस ठरवतो, लगेच ठरवतो, आणि वीस वर्षांचा विचार करून ठरवतो. पण एकाच घरात सत्ता, राजकारण आणि प्रसारण असलं की घरातला वादही वाहिनीपर्यंत पोचतो. 2007 मध्ये द्रमुकप्रमुख करुणानिधी आणि मारन या आप्त कुटुंबांत बेबनाव झाला आणि त्याच सप्टेंबरात कलैग्नर टीव्ही ही नवी वाहिनी निघाली. चेन्नईतल्या त्या फुटीचे पडसाद आमच्या दरपत्रकापर्यंत आले नाहीत, पण माध्यम आणि राजकारण इतकं जवळ असावं का, हा प्रश्न आमच्या कचेरीत तेव्हापासून उघडपणे बोलला जाऊ लागला. लोकांच्या रेडिओलहरींवर चालणाऱ्या धंद्यात तो विचारलाच पाहिजे.

बंगळूरमधली अडचण वेगळी. हैदराबादच्या रामोजी राव यांनी 2000 मध्ये ईटीव्ही कन्नड आणली होती. तेही एक घरच, पण त्यांनी टी. एन. सीतारामांसारख्या दिग्दर्शकाला ‘मन्वंतर’, ‘मुक्ता’ अशा मालिकांसाठी जागा दिली. मग 2006 मध्ये झी कन्नड, 2007 मध्ये सुवर्णा, त्याच वर्षी राजकारणी कुमारस्वामींच्या घरची कस्तुरी. पुढे सुवर्णा स्टारकडे गेली आणि ईटीव्ही कन्नड 2015 मध्ये कलर्स कन्नड झाली. यातल्या बऱ्याच वाहिन्या मुंबईच्या पैशानं लढत होत्या. कन्नड नटांपैकी पुनीत राजकुमारांचा ‘कन्नडद कोट्यधिपती’ 2012 मध्ये सुवर्णावर आला, सुदीपचा बिग बॉस 2013 मध्ये ईटीव्हीवर. असे कार्यक्रम भाड्याच्या अर्ध्या तासात होत नाहीत. एवढा खर्च कुठलाही छोटा निर्माता दागिने गहाण ठेवून करू शकत नाही. तिथे वाहिनीनं स्वतः खिशात हात घालावा लागतो.

ज्या पद्धतीनं उदयाला उभं केलं, तीच आता तिच्या पायात आली. निर्माता भाडं भरतो आहे, आपल्याला धोका नाही, मग बदलायचं कशाला, असा विचार चेन्नईहून पाहिलं तर रास्तच वाटतो. बंगळूरच्या घरात बसून पाहिलं तर दिसे की सासू-सुनेच्या त्याच चौकटीला प्रेक्षक कंटाळले आहेत. माझ्या वहीतल्या रकान्यांत हे अगोदर उमटलं. ग्राहक आधी उदया लिहीत, मग उदया आणि आणखी एक, मग आणखी एक आणि उदया. 2015 च्या ऑक्टोबरात प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं ग्रामीण भागाचंही मोजमाप सुरू केलं, तेव्हा जुन्या चित्रपटांची आणि खेड्यातल्या प्रेक्षकांची ताकद पुन्हा दिसली. पण संध्याकाळची मुख्य वेळ हातची गेली होती. 2017 मध्ये उदयाची बातम्यांची वाहिनी बंद झाली. राजकुमारांच्या त्या 108 दिवसांत शहर ज्या बातम्यांसाठी थांबत असे, तो विभाग संपला. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं. पुढे कंपनी स्वतः पैसे घालून कार्यक्रम बनवून घेण्याकडे वळली. ते योग्यच होतं, फक्त उशिरा झालं.

निवृत्तीनंतर, 17 ऑक्टोबर 2021 रोजी, याच घराची सन मराठी ही वाहिनी सुरू झाली. त्याआधी 2019 मध्ये बंगालीत सन बांगला आली होती. बेळगावच्या भावाकडे ती मराठी वाहिनी पाहताना मला अभिमानही वाटला आणि काळजीही. अभिमान याचा, की व्हिडिओ कॅसेटीपासून निघालेलं एक घर आपल्या भाषेत आलं. इथल्या कलाकारांना आणि तंत्रज्ञांना आणखी एक दार उघडलं. काळजीही साधी आहे. पैसा, उपग्रह, विक्रीची यंत्रणा हे सगळं चेन्नईत तयार आहे. तिथे तयार नसलेली एकच गोष्ट म्हणजे मराठी घरातल्या माणसाला आज काय आवडेल, याची जाण. ती मुंबई-पुण्यात, कोल्हापूर-नागपुरात राहणाऱ्या माणसांकडेच असते.

कन्नड चित्रपटसृष्टीनं डबिंगला नकार दिला म्हणून उदया घडली. मराठीत अशी भिंत नाही. म्हणजे इथे ती जाण राखण्याची जबाबदारी नियमावर टाकता येणार नाही, माणसांनाच ती घ्यावी लागेल. म्हणून माझ्या जुन्या खुर्चीत आज बसणारी मुलं-मुली सल्ला विचारायला येतात तेव्हा मी त्यांना आकड्यांच्या आधी एक चौकशी करायला सांगते. वाहिनीच्या स्थानिक कचेरीत असा एक तरी माणूस आहे का, जो मालकाला फोन न करता नव्या लेखकाला ‘हो’ म्हणू शकतो? असा माणूस असेल तर वर्षाची वेळ निर्धास्त घ्या, मालक कुठल्याही गावचा असो. नसेल तर तिमाहीपुरती घ्या आणि लक्ष ठेवा. दीर्घ पल्ल्याचा विचार करणारं घर ही प्रसारणातली फार मोठी ताकद आहे, हे मी जवळून पाहिलं आहे. त्या घरानं निर्णयाचा थोडा हक्क दूरच्या शहराला दिला तरच ती ताकद दुसऱ्या पिढीत टिकते.